फॉरमॅट मारायची सीडी: जुन्या कॉम्प्युटरचा मालक नक्की कोण?

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट बंद झाली. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते. त्यापुढं विंडोज ११. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये असावी लागते, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडं शाळेच्या लॅबमध्ये, पतसंस्थेच्या काउंटरवर, ग्रामपंचायतीत, डीटीपीच्या दुकानात जे डबे चालू आहेत, त्यातले कितीतरी या चाळणीतून खाली पडतात. चालू आहेत बरं का. पंखा फिरतो, प्रिंट निघते, दाखला मिळतो. तरी "दादा, आता हे भंगारात घालायचं का?" असं विचारणारे भेटायला लागलेत.

हा प्रश्न नवा नाही. त्याला पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो एका सीडीभोवती फिरतो. दुकानातल्या पोरानं स्वतः जुळवून राईट केलेली, वर मार्करनं नाव टाकलेली सीडी. आपण तिला 'फॉरमॅट मारायची सीडी' म्हणायचो. माझं म्हणणं एवढंच आहे की जुना कॉम्प्युटर बहुतेक वेळा झिजून मरत नाही. त्याला परत उभं करणारी सीडी कुणाकडं उरत नाही, तेव्हा तो मरतो. म्हणून ती सीडी कोण बनवतं आणि बनवायची मुभा कुणाला असते, हा आपल्या सगळ्यांच्या कामाचा प्रश्न आहे.

सुरुवातीपासून बघू.

विंडोज ९५ आलं ऑगस्ट १९९५ मध्ये. फ्लॉपीवर घेतलं तर १३ फ्लॉप्या. त्यातली अकरावी खराब निघाली की सगळं मुसळ केरात. सीडीवरही मिळायचं, पण तेव्हाचे कॉम्प्युटर सीडीवरून थेट सुरू होत नसत. आधी बूट फ्लॉपी घालायची, तिनं सीडी ड्राइव्हची ओळख करून द्यायची, मग कुठं सीडी वाचली जायची. सीडीवरूनच मशीन सुरू करायची पद्धत आयबीएम आणि फिनिक्स या कंपन्यांनी जानेवारी १९९५ मध्ये ठरवली. तिचं नाव 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलचं हे नाव, तिथं बसून ही कल्पना सुचली म्हणतात. युक्ती साधी होती. सीडीवर फ्लॉपीएवढा एक तुकडा असा ठेवायचा की मशीनला ती फ्लॉपीच वाटावी. ही पद्धत रुळली, पाठोपाठ सीडी राइटर स्वस्त झाले, ७०० एमबीची कोरी सीडी किरकोळ किमतीत मिळायला लागली. घरबसल्या स्वतःची बूट होणारी सीडी बनवायचा रस्ता असा मोकळा झाला.

मग आलं एक्सपी. २५ ऑक्टोबर २००१. कंपनीनं त्याचा आधार काढला ८ एप्रिल २०१४ ला. म्हणजे जवळजवळ साडेबारा वर्षं. एवढ्या काळात मशीन दरवर्षी बदलत गेलं आणि दुकानातली मूळ सीडी मात्र २००१ सालातच राहिली. यातून दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण अपडेटची. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा व्हायरस पसरला. जुन्या सीडीवरून एक्सपी टाकायचं आणि अपडेट घ्यायला म्हणून इंटरनेट जोडायचं, तर अपडेट येण्याआधीच ब्लास्टर आत. स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद. याचं औषध असलेलं सर्व्हिस पॅक २ ऑगस्ट २००४ मध्ये आलं. त्याची पूर्ण फाइल साधारण २६६ एमबी. डायल-अपवर सेकंदाला ५ केबी मिळतात असं धरलं, तर उतरवायला पंधरा तास. तेही मध्ये फोन आला नाही तर! ज्यांनी त्या काळात टेलिफोनचं बिल भरलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण हार्ड डिस्कची. पुढं साटा जातीच्या हार्ड डिस्क आल्या. त्या ज्या नव्या पद्धतीनं जोडल्या जात, तिचा ड्रायव्हर मूळ एक्सपीच्या सीडीवर नव्हताच. त्यामुळं सीडी घातली की एकतर 'हार्ड डिस्क सापडत नाही' असा निरोप, नाहीतर निळा स्क्रीन आणि खाली शेवटी '७बी' असलेला कोड. कंपनीनं ठेवलेला उपाय असा की सेटअप सुरू होताना एफ६ दाबायचं आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. फ्लॉपीच. सीडीवरून दिलेला ड्रायव्हर तो सेटअप घेत नसे. आणि तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह गायब झालेली.

इथं दुकानातली पोरं कामाला आली. त्यांचं काम इंग्रजीत 'स्लिपस्ट्रीम' म्हणून ओळखलं जातं. मूळ सीडी हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरवायची. सर्व्हिस पॅकची फाइल 'इंटिग्रेट' हा शब्द जोडून चालवायची, की आय३८६ या फोल्डरमधल्या जुन्या फाइली जाऊन त्यांच्या जागी नव्या बसतात. ही सोय खुद्द मायक्रोसॉफ्टनंच दिलेली होती. मग साटाचा ड्रायव्हर घालायचा, मूळ सीडीतला बूटचा तुकडा काढून परत लावायचा आणि नवी सीडी राईट करायची. सुरुवातीला हे सगळं काळ्या खिडकीत कमांड मारून चालायचं. पुढं डिनो नुहागिच या प्रोग्रामरनं एन-लाइट नावाचं फुकट साधन काढलं आणि हे काम टिकमार्क करण्याइतकं सोपं झालं. सर्व्हिस पॅक जोडा, ड्रायव्हर जोडा, नको ते काढून टाका, शेवटी सीडीची इमेज तयार. सेटअप मध्येमध्ये जे प्रश्न विचारतो, नाव काय, टाइम झोन कोणता, त्यांची उत्तरंही एका छोट्या मजकूर फाइलमध्ये आधीच लिहून ठेवता यायची. सीडी घालायची, चहाला जायचं, परत येईपर्यंत मशीन तयार.

याच फाइलमध्ये आपल्या भाषेचा एक धागा आहे, आणि तो फार कमी जणांना माहीत आहे.

युनिकोड मराठी विंडोजमध्ये पहिल्यांदा नीट आली ती विंडोज २००० मध्ये, मंगल फाँटसकट. एक्सपीतही होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एक खूण करावी लागायची, की लगेच मशीन म्हणायचं, 'मूळ सीडी घाला'. ज्याच्याकडं सीडी नाही त्याच्या स्क्रीनवर मराठीच्या जागी चौकोन, किंवा मोडलेली जोडाक्षरं. २००३ साली डिप्लोमा करून मी एका तालुक्याच्या साप्ताहिकात लागलो, तेव्हा कितीतरी ऑफिसात हीच परिस्थिती होती. कॉम्प्युटर असेम्बल केलेला, सीडी देणारा दुकान बंद करून पुण्याला गेलेला. मराठी चालत नाही म्हणून लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. मराठी कॉम्प्युटरवर येत नाही हा समज त्यातूनच पक्का झाला. मराठी आत होती, तिला उठवणारी सीडी हाताशी नव्हती एवढंच.

उत्तरं लिहून ठेवायच्या त्या फाइलमध्ये भाषांच्या गटांना नंबर असायचे. भारतीय लिप्यांचा नंबर १५. तिथं १५ लिहिलं, की त्या सीडीवरून टाकलेल्या प्रत्येक एक्सपीत मराठी पहिल्या दिवसापासून सुरू. एक आकडा, बस्स! ज्या दुकानदारानं तो टाकला त्याच्या गिऱ्हाइकांना मराठी मिळाली. ज्यानं नाही टाकला त्याच्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं चौकोन दिसले. भाषेच्या धोरणावर आपण परिसंवाद पुष्कळ घेतो. हे धोरण तेव्हा एसटी स्टँडजवळच्या दुकानात ठरत होतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या सगळ्या सीड्या धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. लायसन्स नसलेलं विंडोज सर्रास टाकलं जायचं. वर 'हलकं, फास्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या सीड्यांत कुणीतरी कुठंतरी फायरवॉल काढलेली, अपडेट बंद केलेली. आत आणखी काय भरलंय हे देणाऱ्यालाही माहीत नसायचं. अपडेट बंद ठेवण्याची किंमत मे २०१७ मध्ये जगाला दिसली. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं ज्या फटीतून शिरकाव केला, तिचा पॅच मार्चमध्येच येऊन गेला होता. ज्यांनी तो घेतला नाही ते सापडले. तेव्हा एक्सपीचा आधार काढून तीन वर्षं झाली होती, तरी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी खास पॅच काढावा लागला. इतकी जुनी मशीन जगभर चालू होती. तेव्हा स्वतः बनवलेली सीडी म्हणजे चांगलीच असं मी म्हणत नाही. ती कुणी बनवली आणि आत काय घातलं, हे कळायला पाहिजे.

कायद्याची बाजू यापेक्षा गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतला एरिक लुंडग्रेनचा खटला बघा. हा माणूस कॅलिफोर्नियात ई-कचऱ्याच्या पुनर्वापराचा धंदा करायचा. त्यानं चीनमध्ये २८,००० रिस्टोर सीड्या बनवून घेतल्या. जुने डेल कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणाऱ्यांना त्या साधारण २५ सेंटला एक अशा द्यायच्या, म्हणजे ते मशीन भंगारात न जाता परत वापरात येईल, असं त्याचं म्हणणं. सीडीवर लायसन्सची किल्ली नव्हती. आतलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटर घेतलेल्या माणसाला फुकट उतरवून घेता यायचं. पण सीडीवर डेलचं नाव आणि मायक्रोसॉफ्टची खूण हुबेहूब छापलेली होती. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की हा बनावट माल आहे, तो नफ्यासाठी बनवला, आणि जुनी मशीन विकणाऱ्यांसाठी आमची लायसन्सची वेगळी योजना आहे. लुंडग्रेननं गुन्हा कबूल केला. भांडण उरलं ते सीडीच्या किमतीचं. किल्लीशिवाय सीडीची किंमत शून्य, असं त्याची बाजू म्हणाली. कोर्टानं एका सीडीचे २५ डॉलर धरले, म्हणजे एकूण सात लाख डॉलर. मे २०१७ मध्ये १५ महिन्यांची कैद आणि ५०,००० डॉलर दंड झाला. एप्रिल २०१८ मध्ये अपील कोर्टानं शिक्षा कायम ठेवली.

खोट्या छापाचं समर्थन मला करायचं नाही. पण २५ सेंट आणि २५ डॉलर यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यात जगभरचे जुने कॉम्प्युटर पडलेत हेही खरं.

आपल्या देशात काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१) (एए) आहे. ज्याच्याकडं प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे, त्यानं तो ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरता यावा म्हणून केलेली प्रत, किंवा मूळ प्रत हरवेल, खराब होईल म्हणून तात्पुरती काळजी म्हणून केलेली बॅकअप प्रत, हा कॉपीराइटचा भंग धरला जात नाही. म्हणजे तुमच्या शाळेनं पैसे मोजून घेतलेल्या विंडोजची सीडी खराब व्हायला आली असेल, तर तुमच्या वापरासाठी तिची प्रत काढून ठेवणं ही चोरी नव्हे. ती प्रत दहा जणांना वाटणं मात्र यात बसत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

आणि ज्या सीडीची प्रत काढायला, बदलायला आणि वाटायला कुणाची परवानगीच लागत नाही, तिचाही इतिहास याच काळातला आहे. लिनक्स. २००० साली जर्मनीच्या क्लाऊस क्नोपर यांनी क्नॉपिक्स काढलं. हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण कॉम्प्युटर सीडीवरून चालायचा, आणि त्यात बदल करून आपली आवृत्ती काढायलाही मुभा. आपल्याकडं पीसीक्वेस्ट मासिकानं लिनक्सची स्वतः जुळवलेली आवृत्ती अंकासोबत सीडीवर दिली. ज्यांना नेट परवडत नव्हतं त्यांच्या हातात लिनक्स पोचलं ते असं, पेपरवाल्याच्या सायकलवरून. २००७ साली सी-डॅकच्या पुढाकारानं बॉस लिनक्स आलं, मराठीसह भारतीय भाषांत चालणारं.

पण हे सगळं एका राज्यानं खऱ्या अर्थानं वापरून दाखवलं. केरळ. तिथल्या शिक्षण खात्यानं २००१ साली आयटी@स्कूल प्रकल्प सुरू केला. पुढं शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार केली, आधी डेबियनवर, मग उबंटूवर बेतलेली. आत मल्याळम टायपिंग, शाळेच्या पुस्तकाशी जुळणारी साधनं, भूमितीचे प्रोग्रॅम, सगळं आधीच घातलेलं. शिक्षकांना ती टाकायला, बिघडली तर परत टाकायला शिकवलं. २०१७ मध्ये या प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. २०१९ मध्ये उबंटू १८.०४ वरची नवी आवृत्ती आली, तेव्हा ती दोन लाखांहून जास्त शाळेतल्या कॉम्प्युटरवर जाईल आणि लायसन्सचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील असं तिथल्या सरकारकडून सांगितलं गेलं. आकड्यावर वाद घाला हवं तर. पण तिथल्या शाळेतला कॉम्प्युटर बंद पडला तर त्याला उठवणारी सीडी सरकारची, म्हणजे लोकांची आहे. आपल्याकडं २००१ मध्येच एमकेसीएल उभी राहिली, एमएस-सीआयटीनं गावोगाव लाखो पोरं माऊस धरायला शिकली. ते काम मोठंच. फक्त कॉम्प्युटर वापरायचं शिकवताना तो परत उभा करायचं शिकवणं राहून गेलं.

फुकटचा दरवाजाही कायम उघडा राहतो असं समजू नका. उबंटूनं २०१७ मध्येच ३२-बिट मशीनसाठी डेस्कटॉपची इमेज देणं बंद केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर नाही. विंडोजकडं बघाल तर तिथं जुनाच खेळ नव्यानं चाललाय. रुफस नावाच्या साधनानं टीपीएमची तपासणी गाळून विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवता येतो. मायक्रोसॉफ्ट सांगतं, अशा मशीनला अपडेटची हमी नाही. सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, एफ६ जाऊन टीपीएम आलं.

शेवटी माझ्या काळजीची गोष्ट.

२००५ चा कृष्णाकाठचा महापूर आठवतो ना? तेव्हाची आमच्या साप्ताहिकाची पानं पेजमेकरमध्ये लावलेली होती, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. फाँट नसेल तर पान उघडल्यावर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. आणि त्या डीटीपी पॅकेजला प्रिंटरच्या पोर्टवर लागणारं हार्डवेअर लॉक. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नाही. त्या फाइली वाचणारा एकच जुना एक्सपीचा डबा ऑफिसच्या माळ्यावर आहे. कोणत्या गल्लीत पाणी किती चढलं, कुणाची जनावरं गेली, कुठल्या तालमीच्या पोरांनी किती माणसं काढली, हे सगळं त्यात आहे. छापील अंक होते, त्यातले बरेचसे २०१९ च्या पुरात भिजून गेले. त्या डब्याची हार्ड डिस्क ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी नवी हार्ड डिस्क शंभर दुकानांत मिळेल. पण साटाचा ड्रायव्हर आणि १५ नंबर घातलेली ती सीडी मिळेलच असं नाही. असा एकेक डबा जिल्ह्यातल्या प्रत्येक छापखान्यात, शाळेत, सोसायटीत पडून आहे.

म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक. कॉम्प्युटर लिलावात काढण्याआधी आतला डेटा कोण वाचू शकतं ते तपासा. शाळा आणि ग्रामपंचायतींनी तर ठराव करूनच काढावा.

दोन. विकत घेतलेल्या विंडोजच्या आणि ड्रायव्हरच्या सीड्या आजच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. राईट केलेली सीडी पंधरा-वीस वर्षांत वाचता येईलच याची खात्री नसते. आयएसओ इमेज करा, दोन वेगळ्या जागी ठेवा. कॅबिनेटवरच्या लायसन्सच्या स्टिकरचा फोटो काढा, ती अक्षरं उन्हानं उडतात.

तीन. ज्याचं अपडेट बंद झालंय अशा विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका. जुना डबा जुन्या फाइलींसाठी ठेवायचा असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवा.

चार. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानं मराठी कीबोर्ड, शाळेचं साहित्य आणि इथं चालणाऱ्या प्रिंटरचे ड्रायव्हर घातलेला लिनक्सचा एक तपासलेला पेनड्राइव्ह तयार करून प्रत्येक शाळेला द्यावा. केरळनं वीस वर्षांपूर्वी केलं ते आपल्याला अवघड नाही. इंजिनिअरिंग कॉलेजं आपल्या जिल्ह्यात आहेत, पोरं हुशार आहेत, आणि ६४-बिट मशीनसाठी सगळं साहित्य आजही मोफत मिळतं.

आता तुमच्यासाठी एक काम. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मार्करनं 'एक्सपी', 'ड्रायव्हर', 'फाँट' असं काही लिहिलेल्या सीड्या सापडल्या, तर कचऱ्यात टाकू नका. चालतात का बघा आणि मला कळवा. कुणाचा कुठला डबा कशावाचून अडलाय, याची तालुक्यापुरती यादी करायला घेतोय.